आवाज काढायचा राहून गेला

फखरुभाई आणि मेहरुन्निसाभाभी यांचं आपसात पटत नाही, असं आमच्या इमारतीत नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. दोघं घरात असली की त्या घरातून भांड्यांचा आवाज येतो, पंख्याचा येतो, माणसांचा येत नाही. मागच्या वर्षी समोरच्या खोलीत आलेल्या बाईंनी भाभींना जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, "किती दिवस झाले हो अबोला धरून?"

भाभी म्हणाल्या, "अबोला? अहो, हा माणूस सकाळपासून माझं डोकं खातोय!"

त्याचं कारण असं की फखरुभाई अडतीस वर्षं इथे कामतघरलाच एका लूमच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा कारागीर. एका पत्र्याखाली चोवीस माग चालू असले की शेजारच्या माणसाने कानात ओरडलं तरी काही कळत नाही. म्हणून लूमवाले आवाज काढतच नाहीत. ओठ मोठे हलवून बोलतात आणि जोडीला हात असतात. दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट केली की तार, म्हणजे धागा, तुटली. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. चार माग पलीकडून एकाने विनोद सांगावा आणि दुसऱ्याने पोट धरून हसावं, आणि मधे उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला काहीच कळू नये, असा तो प्रकार मी एकदा पाहिला आहे. फखरुभाईंची मिशीसुद्धा कायम कातरलेली असते. विचारलं तर म्हणाले, "ओठ झाकले तर बोलणार कसं, भाऊ?"

भाभी लग्न होऊन आल्या तेव्हा रोज डबा घेऊन कारखान्याच्या दारात उभ्या राहायच्या. ते आतून बोलायचे, त्या दारातून. दोन वर्षांत त्या शिकल्या. पुढे फखरुभाईंचे कान हळूहळू गेले आणि दोघांना विशेष फरक पडला नाही.

मला लिहायची सवय नाही. नोकरी जकात नाक्यावर गेली, तिथे आकडे आणि गाड्यांचे नंबर लिहिले तेवढंच. पण राहनाळच्या त्या दोरांवर चढायच्या ठिकाणी जाऊन आल्यापासून निदान चार जणांनी मला विचारलं, की तिथे नेमकं काय असतं, पोरांना न्यावं का, भीती वाटते का. मला तोंडी नीट सांगता आलं नाही. दर वेळी मी फखरुभाईंवरच येत होतो. म्हणून म्हटलं, जमेल तसं एकदा लिहून बघावं.

फखरुभाईंना नूरैन नावाची नात आहे, अकरा वर्षांची. मुलगा जिब्रान याची एकुलती एक. लहान होती तेव्हा ती त्यांच्या मांडीवर बसायची आणि काही सांगायचं असलं की दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची. मग शाळा आली, मैत्रिणी आल्या. बोलणं भराभर झालं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, पाठ फिरवून, खाता खाता, मोबाइलमध्ये बघत. फखरुभाई विचारायचे, "काय म्हणालीस?" ती एकदा सांगायची, दुसऱ्यांदा ओरडून सांगायची, आणि तिसऱ्यांदा हात झटकून म्हणायची, "जाऊ दे दादाजान, काही नाही."

मुलाने त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं आहे. ते कपाटाच्या खणात असतं. त्यात सगळ्यांचा आवाज एकदम येतो आणि कोणाचा कुठला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी आम्ही दोघं वऱ्हाळा तलावाच्या कठड्यावर बसतो. मला फारसं बोलता येत नाही, त्यामुळे आमचं बरं चालतं. एकदा तिथे बसले असताना ते अचानक म्हणाले, "भाऊ, पोरगी दिवसाला मला दहा वेळा 'काही नाही' सांगते. दहा गोष्टी असतात त्या." एवढंच. मग तलावातल्या बदकांकडे बघत बसले.

या जानेवारीत नूरैनचा वाढदिवस रविवारी आला. राहनाळला गोदामांच्या रांगा संपतात तिथे कोणी तरी दोरांवर चढायचं ठिकाण काढलं आहे, ते तिने मोबाइलवर पाहिलं होतं. दोन महिने घरात तोच विषय. जिब्रानने तिची आणि स्वतःची अशी दोन तिकिटं काढून ठेवली. बारा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस वर लागतंच, असा तिथला नियम. जिब्रान राहनाळलाच एका गोदामात सुपरवायझर आहे. शनिवारी त्याला सांगण्यात आलं की उद्या ड्युटी आहे. तो माझ्याकडे आला.

"भाऊकाका, तुम्ही जाल का हो तिच्याबरोबर? तिकीट त्याच दिवसाचं आहे. पप्पा येतील सोबतीला, पण त्यांना वर कसं पाठवू?"

मला नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो. वर म्हणजे किती वर, हे मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. नूरैन मधे, नवे बूट घालून. पुढचा भाग बंद असलेले बूटच लागतात, चप्पल चालत नाही, हे तिला पाठ होतं. "केस बांधायचे, ओढणी नाही, खिशात काही नाही, बांगड्या नाहीत," ती मला सांगत होती. फखरुभाई पलीकडून तिच्या तोंडाकडे वाकून बघत होते. तिला ते दिसत नव्हतं.

मला वाटलं होतं बाग असेल, झोपाळे असतील. तिथे विजेच्या खांबांसारखे जाड लाकडी खांब उभे होते, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीएवढे उंच. खांबाखांबाला वर फळ्यांचं मचाण, आणि एका मचाणापासून दुसऱ्या मचाणापर्यंत काय काय टांगलेलं. कुठे जाळं, कुठे नुसती एक तार, कुठे टायर. माझ्या तळपायांना तेव्हाच घाम आला.

काउंटरवर कुमार नावाचा तरुण होता, गळ्यात शिट्टी. त्याने फॉर्म दिले. हृदयाचा त्रास आहे का, चक्कर येते का, अलीकडे ऑपरेशन झालंय का, रक्तदाब आहे का. मी रक्तदाबापुढे 'होय' लिहिलं. खोटं लिहायचं धाडस मला नोकरीतही कधी झालं नाही.

कुमार म्हणाला, "काका, मग तुम्हाला वर नाही सोडता येणार. खालून फोटो काढा, मस्त येतात."

"पण मग हिच्याबरोबर?"

"मोठं माणूस पाहिजेच. पुढच्या रविवारी या ना."

नूरैन नव्या बुटाचं टोक जमिनीवर घासत राहिली. मला इतकं वाईट वाटलं की तो 'होय' खोडता येईल का असाही विचार आला.

तेवढ्यात फखरुभाईंनी कुमारच्या हातून फॉर्म घेतला. "मी जातो. सहासष्ट वय हाय. साखर न्हाय, प्रेशर न्हाय, चक्कर न्हाय. वर छताशी लूमच्या शाफ्टवर चढून अडतीस वर्षं मशीनचे पट्टे घातलेत." आणि भराभर सगळीकडे 'नाही' लिहून सही केली. कानांबद्दल त्या फॉर्ममध्ये काही विचारलेलंच नव्हतं.

कुमार हसला. "वा! चला मग आजोबा."

तेव्हा नूरैनने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि अगदी हळू म्हणाली, "अंकल, ह्यांना ऐकू येत नाही."

फखरुभाईंनी तिचं फिरलेलं तोंड पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "काय बोलली?"

मी म्हणालो, "काही नाही."

मीसुद्धा. ते तोंडातून गेलं तेव्हाच मला समजलं, पण परत घेता आलं नाही.

कुमारचा चेहरा बदलला. तो अगदी सभ्य मुलगा होता, पण म्हणाला, "सॉरी आजोबा. वर आमच्या लोकांनी सांगितलेलं ऐकू यायला हवं. सेफ्टी आहे. काही झालं तर जबाबदारी माझी."

फखरुभाईंनी त्याचं सगळं बोलणं नीट वाचलं. "कोण सांगणार वर?"

"हेमाली मॅडम."

"बोलव तिला."

हेमाली म्हणजे तिथली ट्रेनर, तिथल्याच गावातली, पंचविशीची, काटक. कमरेला पट्टे आणि हुक खुळखुळत होते. तिला झालेलं सांगितल्यावर ती फखरुभाईंच्या जवळ येऊन मोठ्याने ओरडली, "आजोबा! मी वरून बोलले तर कळेल काय?"

फखरुभाई दोन पावलं मागे सरले. "ओरडू नको, पोरी. ओरडलं की तोंड वाकडं होतं, मग वाचता येत न्हाय. वर जा. आवाज काढूच नको. नुसतं बोल."

हेमालीने कुमारकडे पाहिलं, खांदे उडवले आणि शिडीने सरसर पहिल्या मचाणावर गेली. तिथून तिचं तोंड मला बोटाच्या पेराएवढं दिसत होतं. तिने ओठ हलवले. फखरुभाईंनी डावा हात वर केला. पुन्हा हलवले. त्यांनी हेल्मेटचा पट्टा धरल्यासारखी हनुवटी चाचपली. तिसऱ्यांदा ते दोन पावलं मागे गेले आणि खाली बसले. हेमाली हसायला लागली. मग तिने कुमारकडे वळून काही तरी म्हटलं.

फखरुभाई खालून म्हणाले, "दोन न्हाय, तीन चहा सांग. भाऊपण पितो."

तिथे एका कंपनीची पंधरा-वीस माणसं सहलीला आली होती. त्यांनी टाळ्याच वाजवल्या. कुमारही हसला, पण त्याने शेवटचा प्रश्न विचारला आणि तो बरोबर होता. "आणि पाठ असली तर?"

हेमाली खाली उतरून आली होती. "मी पुढे राहते. प्रत्येक मचाणावर पोचले की ते मागे वळतील. नूरैन त्यांच्या मागे. पाठीमागून काय सांगायचं झालं तर तिने दोर दोनदा हलवायचा. जमेल ना ग तुला?"

नूरैनने मान हलवली, पण कोणाकडे बघून नाही.

मग पट्टे चढवले. कमरेला एक, दोन्ही मांड्यांना एकेक, आणि पुढून दोन दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला हुक. विचारणाऱ्यांना मी सांगीन की तिथे शिकायची खरी गोष्ट तेवढीच आहे. जमिनीपासून हातभर उंचीवर एक तार बांधलेली असते, तिच्यावर अर्धा तास तेच करून घेतात. एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना आधी एक हुक काढून पुढे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. नूरैन दोनदा चुकली, हेमालीने दोनदा परत पाठवली. फखरुभाई चुकले नाहीत. ते हुक वाजवून, ओढून, त्याची स्प्रिंग डोळ्याशी धरून बघत होते. नूरैनच्या मांडीचा एक पट्टा पिळलेला होता तो त्यांना हेमालीच्या आधी दिसला. त्यांनी वाकून सरळ केला.

टोपीवर हेल्मेट बसेना म्हणून त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. चष्मा मात्र हवा होता, चष्म्याशिवाय ओठ कुठून दिसणार? हेमालीने आपल्या केसांचा रबर काढून तो मागून बांधून दिला.

"आजोबा, हिरो दिसताय."

"दादीला सांगू नको," ते नूरैनला म्हणाले.

पहिलं जाळं होतं. ते सोपं दिसतं आणि सोपंच आहे, फक्त पाय अडकतात. दुसरी नुसती तार, पायाखाली एक आणि हाताला दोन. एका वेळी एकानेच जायचं. फखरुभाई त्या तारेवरून बाजूबाजूने सरकत गेले, कारखान्यात दोन मागांच्या मधून जाताना जातात तसे, अंग चोरून. पलीकडे पोचल्यावर त्यांनी दोन्ही हुक हलवून पाहिले, मग वळून उभे राहिले. नूरैन हळूहळू आली. तिचं सगळं लक्ष पायांकडे. ते मान पुढे काढून तिच्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे एकदाही बघत नव्हती. त्यांच्याजवळ पोचली तरी त्यांच्या पलीकडच्या हेमालीलाच म्हणाली, "ताई, आता कुठून?"

तिसऱ्याला लाकडी फळ्या होत्या. दोन दोरांना टांगलेल्या, झोपाळ्याच्या पाटासारख्या, एकीपासून दुसरी फूट-दीड फूट लांब. आठ-नऊ असतील. प्रत्येक फळी आपापली झुलते. हेमाली पुढे गेली आणि पलीकडच्या मचाणावर जागा करून देण्यासाठी त्याच्याही पुढच्या खांबावर सरकली. फखरुभाई गेले. एकदा फळी पायाखालून सटकली, पण ते पोचले. मग नूरैन निघाली.

चौथ्या फळीवर तिने पाय ठेवला आणि वारा आला. गोदामांच्या पलीकडून, उघड्या शेतांवरून येणारा. फळी एका बाजूला गेली, पाय दुसऱ्या बाजूला. ती पडली. म्हणजे तिथे पडणं म्हणजे हातभर खाली जाऊन पट्ट्यावर लोंबकळणं, एवढंच असतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तिने किंचाळून फळीला मिठी मारली, कसंबसं स्वतःला वर ओढून घेतलं आणि फळीवर घोड्यावर बसल्यासारखी बसली. आणि मग थांबली.

"नूरैन, उठ! काही नाही झालेलं, पट्ट्याने धरलंय तुला!" हेमाली दुसऱ्या खांबावरून.

"बेटा, नीचे मत देख!" कंपनीवाले.

"अरे सामने देख, सामने!"

"उजवा पाय, उजवा!" कुमार. मग शिट्टी.

"घाबरू नकोस!" मीही ओरडलो. माझा आवाज कुठपर्यंत गेला असेल कोण जाणे.

ती सगळ्यांचं ऐकत होती आणि तिला कोणाचंच कळत नव्हतं. खाली बघितलं की खाली वीस तोंडं ओरडताहेत. तिने डोळे मिटले. आपल्याच्याने होत नाही, उतरवा, असं ती म्हणत होती, रडत. उतरवतात, त्याची सोय असते. कुमार दोर आणायला वळलाच होता.

तेव्हा मी फखरुभाईंकडे पाहिलं. ते मचाणाच्या अगदी कडेला आले होते. तोंड हलत होतं, भराभर, मोठं. हातही हलत होते. आणि आवाज मुळीच नव्हता.

कुमार म्हणाला, "आजोबांची वाचा गेली वाटतं. घाबरले."

हेमाली तिकडून, "आजोबा, मोठ्याने बोला! तिला ऐकू जात न्हाय!" पण त्यांची तिच्याकडे पाठ होती.

मला कळलं काय झालंय ते. घाई झाली, एवढा गोंधळ दिसला, आणि त्यांचं शरीर कारखान्यात गेलं. तिथे गडबडीच्या वेळी कोणी आवाज काढत नाही. मी कुमारचा हात धरला. मी सहसा कोणाचा हात धरत नाही. म्हणालो, "थांबा जरा. आणि यांना सगळ्यांना गप्प राहायला सांगा."

कुमारने त्या लोकांना हाताने गप्प केलं.

शांत झालं तसं नूरैनने डोळे उघडले. कोणी का बोलत नाही हे बघायला असेल. समोर दादाजानचं तोंड हलताना तिला दिसलं.

"काय?" ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं. बिनआवाजी.

"काय म्हणताय? मला ऐकू येत नाही!"

त्यांनी एक बोट आपल्या ओठांवर ठेवलं. गप्प म्हणून नाही, इथे बघ म्हणून. आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, तेच परत बोलले. नूरैन मान वर करून, कपाळाला आठ्या घालून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खाली बघायचं ती विसरली होती. तिचे स्वतःचे ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले, मी पाहिलं.

"बिर्या... बिर्याणी?" तिने विचारलं.

त्यांनी जोरात मान हलवली. पुढचं बोलले.

"बिर्याणीत... पपई?"

त्यांनी कपाळावर हात मारला. परत सांगितलं.

"बटाटा! बिर्याणीत बटाटा घालू का? दादाजान, हे आत्ता विचारताय?"

खाली सगळे हसले. ती पण, रडता रडता. मग त्यांनी हाताने तिला उठायची खूण केली, आणि ती दोरांना धरून उठून उभी राहिली. त्यांनी तळहात आडवा धरून हवेत पुढेमागे केला, तिच्या पुढच्या फळीसारखा. पुढे, मागे. पुढे, मागे. मागात धोटा इकडून तिकडे धावतो आणि जॉबरला त्याच्या मधल्या क्षणात हात घालावा लागतो. तो क्षण त्यांना कळतो. फळी झुलून तिच्याकडे आली की ते बोट दाखवत. आत्ता. तिने पाय टाकला. पुन्हा तळहात पुढे, मागे. आत्ता. दुसरा पाय. ती पायाकडे बघतच नव्हती, त्यांच्या हाताकडे आणि तोंडाकडे बघत होती. पाच फळ्या अशा झाल्या. शेवटच्या फळीवरून त्यांनी तिला दंडाला धरून ओढून घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं तर तिचा एक हुक मचाणाच्या तारेला लावला, मग दुसरा. मग जवळ घेतलं.

त्यापुढे टायर झाले, आणखी एक जाळं झालं, आणि शेवटी झिपलाइन, म्हणजे लांब तारेवरून लटकत जमिनीपर्यंत येणं. त्यात भीती वाटते ती फक्त पाय उचलायची. उचलले की मग आपल्या हातात काही नसतं. नूरैन ओरडत आली. फखरुभाई अगदी गप्प आले, दोन्ही हातांनी चष्मा धरून.

मी टोपी दिली. त्यांनी ती घातली आणि पाणी मागितलं.

मी म्हणालो, "तुम्ही आवाज काढत नव्हता."

ते थबकले. आठवून बघितलं. मग खरंच ओशाळले. "राहूनच गेला की, भाऊ! मी म्हटलं ही ऐकत का न्हाय." आणि हळू म्हणाले, "कोणाला सांगू नको. जिब्रानला तर न्हाईच."

हे लिहिताना मला ते आठवतं आहे. पण नूरैननेच त्याच दिवशी सगळ्या इमारतीला सांगितलं होतं, त्यामुळे माझ्याकडून वचन मोडलं असं होत नाही, असं मी धरून चालतो.

परत येताना रिक्षात ती पुन्हा आमच्या मधे बसली. बराच वेळ बाहेर बघत होती. ट्रकांची रांग लागली होती, रिक्षा हळूहळू चालली होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "भाऊआजोबा, मी काउंटरवर ते बोलले ना, ते दादाजानना कळलं असेल?"

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "काय बोललीस ते नसेल कळलं. तोंड फिरवलंस ते कळलं."

ती म्हणाली, "मला वाटलं हेमालीताई ओरडेल आणि ह्यांना कळणार नाही आणि हे पडतील. वाढदिवसाला. मला नको होतं तसं."

मी दिवसभर काही वेगळंच समजत होतो. मला वाटलं होतं तिला त्यांची लाज वाटली. हे मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "त्यांना सांग."

"इथे? रिक्षात? ओरडून?"

तिने त्यांची बाही ओढली. ते वळले. तिने एकदा रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि मग ओठ मोठे करून, आवाज न काढता बोलायला लागली. फार वाईट बोलत होती ती, म्हणजे नवशिक्यासारखं. मधेच अडायची, हाताने पडायची खूण करायची, हेल्मेट दाखवायची, परत पहिल्यापासून सुरू करायची. फखरुभाई तिच्या तोंडावरून नजर काढत नव्हते. मी रस्त्याकडे बघत बसलो, कारण ते माझ्यासाठी नव्हतं.

थोड्या वेळाने मी वळून पाहिलं तेव्हा ते उत्तर देत होते. तेही बिनआवाजी, पण या वेळी विसरून नाही. लांब वाक्य होतं. नूरैनने मान हलवली, नाही कळलं. त्यांनी परत सांगितलं. तिने पुन्हा मान हलवली आणि त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कामतघरचा नाका येईपर्यंत त्यांनी ते पाच वेळा सांगितलं असेल, तेवढ्याच सावकाश, तेवढंच सुटं करून. पाचव्या वेळी तिला कळलं. तिने त्यांच्या गुडघ्यावर एक चापट मारली आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं.

ते काय म्हणाले हे मी विचारलं नाही. आणि आता विचारणंही बरं दिसणार नाही.